शेवटचा डबा

मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या चमूत नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला उत्तर दिले. मी पाठवलेला कोडमधला बदल ती तपासत होती. त्यात मी सात ओळींची एक लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, काढून टाकली होती आणि त्या लाल झालेल्या ओळींखाली तिने लिहिले होते, “सर, ही लूप काढली आहे, पण ती होती कशासाठी?” मी लिहिले, “ती कधी चालतच नाही. पाचशे वेळा मशीन चालू करून मोजले, दर वेळी शून्य आले.” तिने “ओके सर” म्हटले, बदलाला संमती दिली आणि ती घरी गेली. मीही निघालो. आयटी पार्कबाहेर चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होती, नागपूरचा उन्हाळा अजून अंगावर आला नव्हता, आणि वर्षानुवर्षांची अडगळ उपसून खोली मोकळी केल्यावर जसे हलके वाटते तसे मला वाटत होते. मी खोटे बोललो नव्हतो. मोजणी खरोखर केली होती, तिचे आकडे आजही माझ्याकडे आहेत.

तिने ‘कशासाठी’ विचारले होते. मी ‘किती वेळा’ ते सांगितले होते.

तो कोड आमच्या कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, इंटरप्ट कंट्रोलरची सुरुवातीची मांडणी करणारा होता. उपकरणे प्रोसेसरला जी हाक मारतात ती इंटरप्ट, आणि त्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारा तो कंट्रोलर. हे कर्नल कारखान्यांतल्या नियंत्रणाच्या संगणकांवर चालते. आकाराने लहान आहे, वयाने मोठे आहे. प्रोसेसर जागा झाला की कोणते उपकरण त्याला कोणत्या क्रमांकाने हाक मारणार, कोणाची हाक आधी ऐकायची, कोणाचे तोंड सध्या बंद ठेवायचे, हे सारे या कोडमध्ये ठरते. तो सव्वाचारशे ओळींच्या एकाच फंक्शनमध्ये होता, आणि विहीर खणताना जसे मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे थर लागत जातात तसे त्यात काळाचे थर लागत होते. सर्वांत खाली ८२५९ ही उपकरणांच्या आठ ओळींची जुनी कंट्रोलर चिप. १९८१च्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ती एक होती, १९८४च्या एटी या मॉडेलमध्ये दोन झाल्या, आणि दुसरी पहिलीच्या एका पायावर टांगलेली असल्यामुळे सोळापैकी पंधराच ओळी कामाला उरल्या. इंटेलने पहिले बत्तीस व्हेक्टर, म्हणजे हाकांचे क्रमांक, स्वतःसाठी राखून ठेवले होते, तरी आयबीएमने उपकरणांच्या पहिल्या आठ ओळी ८ ते १५ या क्रमांकांवर बसवल्या. त्यामुळे आजही बहुतेक प्रत्येक कर्नलला उठल्याबरोबर ते क्रमांक आधी दुसरीकडे हलवावे लागतात, नाहीतर टायमरची टिक आणि प्रोसेसरचा डबल फॉल्ट (एक चूक हाताळतानाच झालेली दुसरी चूक) एकाच दारावर येऊन उभे राहतात. पुढे ती चिप वापरायचीच नसली तरी हे करावे लागते, कारण ओळी बंद केलेल्या असतानाही सातव्या ओळीवरून एखादी चुकार हाक येऊ शकते. हे मला ठाऊक होते. कोडच्या त्या ओळी निरुपयोगी दिसत असूनही मी त्यांना हात लावला नव्हता, हे आज विशेष आठवते.

त्याच्या वरचा थर लोकल एपिकचा. १९९४पासून पेंटियम प्रोसेसरच्या आतच बसलेला हा कंट्रोलर प्रत्येक कोअरला स्वतंत्र असतो आणि त्याची रजिस्टरे, म्हणजे नोंदींचे लहान कप्पे, स्मृतीच्या एका ठरलेल्या पानावर, एफईई००००० या पत्त्यापासून पुढे, दिसतात. त्याही वर एक्सटूएपिकचा थर. तिथे तेच कंट्रोलर, तीच रजिस्टरे, पण पोचायचा रस्ता निराळा, आणि कोअरचा क्रमांक आठ बिटांऐवजी बत्तीस बिटांचा. आमच्या कोडमध्ये या तिन्ही थरांच्या ओळी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की एक अट वाचताना मागच्या चार अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागत. मी तीन आठवडे घेतले. सर्वांत मोठी उलगड अगदी साध्या गोष्टीतून झाली: काही कामे मशीनसाठी एकदाच करायची असतात, काही प्रत्येक कोअरवर करायची असतात, आणि जुन्या फंक्शनमध्ये ही दोन्ही एकाच माळेत ओवलेली होती. ८२५९चे क्रमांक हलवणे, फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामने) दिलेला कोअरचा तक्ता वाचणे, आयओ एपिक (बाहेरच्या उपकरणांच्या हाका कोअरांकडे पाठवणारा कंट्रोलर) मांडणे ही कामे एकदाच. लोकल एपिक जागा करणे, त्याचा टायमर लावणे, त्रुटींची खिडकी उघडणे ही प्रत्येक कोअरची आपापली. ती वेगळी केली आणि वाचण्या-लिहिण्याचा रस्ता एका लहानशा तक्त्यात बंद केला, तेव्हा अर्ध्या अटी आपोआप गळून पडल्या. या कामात एक सुख असते. गुंतलेल्या दोऱ्याचे एक टोक हाती लागावे आणि ओढत गेल्यावर गाठ न पडता तो सुटत यावा, असे ते असते. त्या सुखाच्या भरात मी त्या लूपपाशी आलो.

लूप अशी होती. लोकल एपिकमध्ये इन-सर्व्हिस रजिस्टर नावाची आठ रजिस्टरे असतात, प्रत्येकी बत्तीस बिटांची, मिळून २५६ व्हेक्टरांसाठी २५६ बिट. लूप ती आठही वाचत असे आणि जितके बिट लागलेले, म्हणजे १ झालेले, सापडतील तितक्या वेळा ‘एंड ऑफ इंटरप्ट’, म्हणजे हाकेचे काम संपल्याचा निरोप, लिहीत असे. जवळ एकही टिप्पणी नव्हती. कोडचा इतिहास उलगडत गेलो, तर सर्वांत जुनी नोंद ‘जुन्या साठ्यातून आणले’ एवढीच होती. त्यापलीकडचे कोणी जपून ठेवलेले नव्हते. मी स्वतःशी विचार केला, की मशीन नुकतेच चालू झाले आहे, अजून एकही इंटरप्ट आपण घेतलेला नाही, तर ‘सेवा चालू’ असा बिट लागलेला असेल कसा? मोजले. शून्य, शून्य, शून्य. लूप काढली.

आमच्या अभ्यासक्रमाच्या मराठी पुस्तकांत इंटरप्टला ‘व्यत्यय’ असा शब्द असे. मला तो कधी पटला नाही. व्यत्ययात अडथळ्याचा भाव आहे, आणि इंटरप्ट म्हणजे तर हाक. घरात आई स्वयंपाकघरातून हाक मारते, मूल ‘ओ’ देते, आई म्हणते ‘दळण आण’, मूल जाते, आणते आणि ओट्यावर डबा ठेवून ‘आणलं गं’ म्हणते. यात ‘ओ’ आणि ‘आणलं’ हे दोन वेगवेगळे शब्द आहेत, त्यांची कामेही वेगवेगळी आहेत. लोकल एपिकचे तंतोतंत असेच आहे. हाक आली की ती आधी रिक्वेस्ट रजिस्टरमध्ये उभी राहते. प्रोसेसरने ‘ओ’ दिली की तिथून निघून इन-सर्व्हिसमध्ये जाते. आणि काम संपवून प्रोसेसरने ‘एंड ऑफ इंटरप्ट’ लिहिले, म्हणजे ‘झालं’ म्हटले, की तिथूनही पुसली जाते. तोवर कंट्रोलरच्या लेखी प्रोसेसर त्याच कामात असतो, आणि तो त्याच पायरीच्या किंवा खालच्या पायरीच्या कोणत्याही हाकेला आत सोडत नाही. पायरी काढायची रीत सोपी आहे: व्हेक्टरचा क्रमांक भागिले सोळा. आमचा टायमर ४८ क्रमांकावर, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. नेटवर्क कार्ड ९७वर, म्हणजे सहाव्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून फोन आला. तिथला आमचा संगणक बंद पडला होता. बंद पडण्याचे दुःख नव्हते, त्यासाठी तर व्यवस्था आहे: कर्नल कोसळले की राखून ठेवलेल्या स्मृतीतले दुसरे छोटे कर्नल उठते, मेलेल्याची साक्ष लिहून ठेवते आणि मशीन नव्याने चालू करते. या वेळी दुसरे कर्नल उठले आणि तसेच थिजून राहिले. तिथल्या माणसाने अर्धा तास वाट पाहून वीज बंद केली, पुन्हा चालू केली, मशीन सुरळीत उठले आणि सारी साक्ष पुसली गेली. हाती उरले ते त्याने वीज बंद करण्याआधी मोबाइलवर काढलेले पडद्याचे एक छायाचित्र. ट्यूबलाइटची तिरीप पडलेले, पण वाचता येत होते. पहिले कर्नल नेटवर्क कार्डाच्या हँडलरमध्ये, म्हणजे त्याच्या हाकेचे काम करणाऱ्या कोडमध्ये, कोसळले होते. दुसऱ्याने आपली तयारी ओळीओळीने लिहिली होती आणि ‘टायमर लावला’ या ओळीनंतर काहीच नव्हते.

आमच्याकडे कोसळण्याची चाचणी होती आणि ती दररोज रात्री चालत असे. त्यात एक आज्ञा देऊन कर्नल मुद्दाम पाडले जाते. ती चाचणी मी लूप काढल्यापासून एकदाही चुकली नव्हती. दोन दिवस मी घरीच टेबलावर बोर्ड मांडून, सिरियल केबल लावून, त्याच आज्ञेने कर्नल पाडत राहिलो आणि दुसरे कर्नल प्रत्येक वेळी विनातक्रार उठत राहिले. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन, खिडकीत कूलर, त्याच्या पंपाची एकसुरी घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. दुपारी चारला वीज गेली की हे सारे एकदम थांबायचे आणि खोलीतल्या शांततेत बोर्डावरचा बॅटरीवर चालणारा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत राहायचा. तिसऱ्या रात्री मी ते छायाचित्र पुन्हा उघडले आणि माझ्या लक्षात आले, की आमची चाचणी कर्नल नेहमी साध्या प्रोग्रामच्या वाटेवर पाडते. हँडलरच्या आत, हाकेला ‘ओ’ दिल्यानंतर आणि ‘झालं’ म्हणण्याआधी, ती त्याला कधीच पाडत नाही. नेटवर्क कार्डाच्या हँडलरमध्ये एक खोटी चूक पेरली. पहिल्याच प्रयत्नात दुसरे कर्नल ‘टायमर लावला’ म्हणाले आणि थिजले.

मग एकेक रजिस्टर वाचत गेलो. लोकल एपिक चालू होता. टायमरचे तोंड बंद नव्हते. प्रोसेसर हाका घ्यायला मोकळा होता. रिक्वेस्ट रजिस्टरमध्ये ४८ क्रमांकाचा बिट लागलेला होता, म्हणजे टायमरने हाक मारली होती आणि ती हाक दाराशी उभी होती. प्रोसेसरची सध्याची पायरी सांगणारे रजिस्टर वाचले तर ते ९६ म्हणाले, म्हणजे सहावी पायरी. इन-सर्व्हिसचे चौथे रजिस्टर, ज्यात ९६ ते १२७ हे क्रमांक असतात, ते वाचले. त्यात २ होते. दुसरा बिट, म्हणजे ९७. मेलेल्या कर्नलने नेटवर्क कार्डाला ‘ओ’ दिली होती आणि ‘झालं’ म्हणायच्या आधी ते गेले होते. एका कर्नलमधून दुसऱ्यात थेट उडी मारताना लोकल एपिकला कोणी धुऊन काढत नाही. कोसळताना आम्ही तो बंद करतो खरे, पण नुसते बंद केल्याने तो अर्धवट राहिलेल्या हाका विसरत नाही. नवे कर्नल टायमरची पहिली टिक ऐकायला कान देऊन बसले होते आणि कंट्रोलर त्याला मेलेल्याच्या अपुऱ्या कामात गुंतलेला समजून टिक आत सोडत नव्हता. वीज बंद करून चालू केली की इन-सर्व्हिसची सारी रजिस्टरे शून्यापासून सुरू होतात. माझी पाचशे वेळची मोजणी अशीच होती, वीज बंद करून केलेली.

रात्रीचे दोन वाजले होते. पलीकडच्या खोलीत बाबा जागे होते. उन्हाळ्यात त्यांना झोप येत नाही. अजनीचे आमचे हे घर त्यांनी निवृत्तीनंतर घेतले, कारण इथून गाड्या ऐकू येतात. त्यांची सारी नोकरी नागपूर-इटारसी मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांत स्टेशन मास्तर म्हणून गेली. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा त्यांनी विचारले, “सापडलं काय?” मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितले, की एक काम अर्धवट राहिले, ते संपल्याचे कोणी कळवले नाही, म्हणून पुढचे काम दाराशी अडकून पडले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे गाडी सेक्शनमधून बाहेर पडली, पण कळवलंच नाही कोणी.” मग विचारले, “अन् पाहणारा कोण होता? शेवटचा डबा कोणी पाहायचा होता?”

मी त्यांना उत्तर दिले नाही. पाहणारी ती लूपच होती, आणि ती मी काढून टाकली होती.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फलाटावर उभा राहत असे. मला इंजिन पाहायचे असे. ते येताना जमीन थरथरे, तापलेल्या तेलाचा वास येई आणि मी कानांवर हात घेई. बाबांची नजर इंजिनावर ठरत नसे. हातात हिरवे निशाण धरून ते डबे मोजल्यासारखे पाहत राहत आणि गाडीचा शेवट दिसला, शेवटच्या डब्यावरची खूण दिसली, की मगच आत जाऊन ब्लॉक इन्स्ट्रुमेंटपाशी उभे राहत, मागच्या स्टेशनला ठरलेले ठोके देत आणि गाडी सेक्शनमधून बाहेर पडल्याचे कळवत. ते कळवेपर्यंत मागचे स्टेशन त्या ओळीवर दुसरी गाडी सोडू शकत नसे. एका डिसेंबरच्या पहाटे, मी दहाएक वर्षांचा असेन, दाट धुक्यातून एक मालगाडी न थांबता गेली आणि तिच्या शेवटी लाल दिवा दिसला नाही. बाबांनी ठोके दिले नाहीत. घंटा वाजत राहिली, मागे पॅसेंजर उभी होती, कंट्रोलचा फोन सारखा खणखणत होता, आणि बाबा पुढच्या स्टेशनशी बोलत होते: गाडी थांबवा, शेवट पाहा, मला सांगा. मी बाकावर शाल गुंडाळून बसलो होतो. त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम होता, तो मला अजून दिसतो. बऱ्याच वेळाने पलीकडून उत्तर आले, की गाडी पूर्ण आहे, दिवा तेवढा विझला आहे. मग त्यांनी ठोके दिले आणि चहा मागवला.

त्यांच्या हातून गेलेल्या हजारो गाड्यांचा शेवटचा डबा हजारो वेळा जागेवरच होता. त्यांनी मोजले असते, तर त्यांच्याही मोजणीत तुटलेल्या गाड्या शून्यच आल्या असत्या.

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. जुने फंक्शन वाईट होते, ते उलगडायलाच हवे होते, आणि उलगडले म्हणूनच ही चूक तीन रात्रींत सापडली. सव्वाचारशे ओळींच्या त्या गुंत्यात ती मला महिनाभर चकवत राहिली असती. आणि तरीही, ज्या कोणी ती लूप लिहिली त्याने एखाद्या रात्री असेच बसून, असेच एखादे रजिस्टर वाचून, त्यात न शोभणारा एक बिट पाहिला असणार. त्याने सात ओळी लिहिल्या आणि आठवी, कारण सांगणारी, लिहिली नाही. त्याच्यावर रागावण्याचा मला किती अधिकार आहे, हे मी ठरवू शकलेलो नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये हेच काम करणारी लूप लोकल एपिकच्या मांडणीतच आहे, आणि तिच्यावर कितीतरी वर्षे एक लांबलचक टिप्पणी होती: कोसळल्यानंतर आधीच्या कर्नलचा इंटरप्ट अडकून राहू शकतो, हे टायमरच्या बाबतीत आढळले आहे, म्हणून जादा ‘एंड ऑफ इंटरप्ट’ द्यावे. ती टिप्पणी सर्वांना वाचायला खुली होती. मार्चमध्ये पाचशे वेळा वीज बंद-चालू करण्यात मी दोन दिवस घालवले; ती वाचायला दहा मिनिटे लागली असती.

लूप मी परत आणली, पण जुन्या जागी तशीच चिकटवली नाही. तिचे स्वतंत्र फंक्शन केले, प्रत्येक कोअरच्या मांडणीत टायमर लावण्याच्या आधी त्याला जागा दिली आणि नावातच लिहिले, की हे आधीच्या कर्नलचे राहिलेले काम बंद करते. वर सहा ओळींची टिप्पणी लिहिली. रात्रीच्या चाचणीत हँडलरच्या आत कर्नल पाडणारी नवी पायरी घातली, आणि राहिलेले बिट किती सापडले ते लूपने छापावे अशी सोय केली. बदल तपासायला त्याच मुलीकडे पाठवला. तिने बारकाईने वाचले आणि एकच गोष्ट विचारली: एखादा बिट ‘एंड ऑफ इंटरप्ट’ देऊनही पुसला गेला नाही, तर लूप किती वेळ फिरणार? मी मर्यादा घातलीच नव्हती. ती घातली, आणि मर्यादा ओलांडल्यास नोंद करून पुढे जायची ओळही घातली. मार्चच्या गोष्टीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाचे ढग नुसतेच येऊन जात होते तेव्हा, रात्रीच्या चाचणीचा अहवाल मी सकाळी उघडला. हँडलरमध्ये पाडलेले कर्नल, मग दुसऱ्याची तयारी, आणि ‘टायमर लावला’च्या वरची नवी ओळ: ‘राहिलेले इंटरप्ट: १, व्हेक्टर ९७’. खाली टायमरची पहिली टिक. तो अहवाल बाजूला ठेवून मी मार्चमधला जुना बदल उघडला, त्या लाल ओळींपर्यंत खाली गेलो आणि तिच्या प्रश्नाखाली, माझ्या जुन्या उत्तराखाली, लिहिले: “कर्नल हँडलरच्या आत कोसळले, तर त्याने घेतलेली हाक लोकल एपिकमध्ये तशीच राहते आणि दुसऱ्या कर्नलचा टायमर अडतो. ही लूप ते मोकळे करण्यासाठी होती. तेव्हा मला हे माहीत नव्हते, आणि मी तसे सांगायला हवे होते.”